फ्लामेंको आणि स्पॅनिश गिटार ऐकायला सुरुवात करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं महिन्यातून एकदा आमच्या घरी पाच-सहा जण जमतात आणि आम्ही स्पेनची गिटार ऐकतो. त्या बैठकांत आणि नंतरच्या निरोपांत तेच तेच प्रश्न येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही. जिथे एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध आहे तिथे क्रमांक दिला आहे.

१. स्पॅनिश गिटार म्हणजेच फ्लामेंको ना? मग क्लासिकल गिटार वेगळी कशी?

वाद्याचं माहेर एक, संसार दोन. सहा तारांच्या गिटारला आजचा आकार आणि भरदार आवाज दिला तो अल्मेरियाच्या अन्तोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) या कारागिराने. त्याच्या गिटारी दोन्हीकडच्या वादकांनी वाजवल्या.

क्लासिकल गिटार म्हणजे लिहिलेलं संगीत. रचनाकार स्वरलिपीत प्रत्येक स्वर मांडून ठेवतो, वादक त्याला आपला अर्थ देतो. फेर्नान्दो सोर, फ्रान्सिस्को तारेगा, होआकिन रोद्रिगो ही त्या वाटेवरची नावं. फ्लामेंको स्पेनच्या दक्षिणेचं, आंदालुसियाचं. ते घरात, गल्लीत, गुरूसमोर बसून शिकलं गेलं आणि त्यात गिटारच्या आधी गाणं येतं. गाण्याला ‘कांते’, नाचाला ‘बाइले’, गिटारवादनाला ‘तोके’ आणि तालात वाजवलेल्या टाळ्यांना ‘पाल्मास’ म्हणतात. वादक दोन कडव्यांच्या मधे स्वतःच्या किंवा वडीलधाऱ्यांकडून आलेल्या छोट्या रचना वाजवतो, त्यांना ‘फालसेता’ म्हणतात.

२. डोळे मिटून ऐकलं तर फरक कसा ओळखायचा?

आवाज किती वेळ रेंगाळतो ते ऐका. क्लासिकल गिटारची पाठ आणि बाजू बहुधा शिसवीच्या जातीच्या जड लाकडाच्या असतात. स्वर गोल येतो आणि टिकतो. पारंपरिक फ्लामेंको गिटारची पाठ सायप्रसच्या हलक्या लाकडाची आणि तारा पट्टीच्या अगदी जवळ. स्वर कोरडा, टणत्कारी, आला आणि गेला. गाणाऱ्याच्या आवाजाखाली आणि नाचणाऱ्याच्या टाचांखाली तो असाच हवा.

दुसरी खूण उजव्या हाताची. बोटं एकामागून एक उघडत सगळ्या तारांवरून फिरली की झरझर पडणारा जो आवाज येतो तो ‘रास्गेआदो’. लाकडावर बोटाने मारलेली टिचकी म्हणजे ‘गोल्पे’. त्यासाठी गिटारच्या तोंडावर एक पातळ संरक्षक पट्टी लावलेली असते. एकट्या अंगठ्याने तार वर-खाली छेडत नेणं म्हणजे ‘आल्सापुआ’. आणखी बारीक कान असेल तर त्रेमोलो (एकच स्वर बोटांनी भरभर थरथरत ठेवणं) मोजा: अंगठ्याच्या एका स्वरानंतर क्लासिकलमध्ये बहुधा तीन झटपट स्वर येतात, फ्लामेंकोत चार.

३. मला काहीच माहीत नाही. पहिल्या आठवड्यात काय ऐकू?

चारच तुकडे, आणि प्रत्येक तीन-तीनदा. यादी वाढवली की कान एकावरही बसत नाही.

तारेगाचं ‘रेकुएर्दोस दे ला आलाम्ब्रा’, म्हणजे ग्रानादाच्या आलाम्ब्रा राजवाड्याच्या आठवणी. पहिल्यांदा ऐकताना दोन गिटारी आहेत असं वाटतं. आहे एकच: अंगठा खाली चालत राहतो आणि तीन बोटं वर एकच स्वर थरथरत ठेवतात. मध्यावर ते दुःखी सुरावटीतून उजेडात येतं, ती जागा पकडा.

इसाक अल्बेनिसचं ‘आस्तुरियास’ (त्याची गंमत प्रश्न १३ मध्ये). पाको दे लुसियाचं ‘एन्त्रे दोस आग्वास’ (प्रश्न १०). आणि चौथं गाणंच असू द्या: कामारोन दे ला इस्लाने गायलेली एखादी सोलेआ (फ्लामेंकोचा एक प्रकार, प्रश्न ७), साथीला पाको. हे चौथं बहुतेक जण टाळतात. त्यांनी प्रश्न ५ वाचावा.

४. नोकियाची ती जुनी रिंगटोन खरंच गिटारच्या रचनेतली आहे का?

हो. तारेगाच्या १९०२ सालच्या ‘ग्रान वाल्स’मधला तो एक छोटा तुकडा. पूर्ण रचना ऐकताना तो तुकडा अलगद येऊन जातो आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाचा हात खिशाकडे जातो. आमच्या बैठकीत नवीन माणूस आला की मी सुरुवात इथूनच करतो, कारण तारेगा आपण वर्षानुवर्षं ऐकत होतो हे कळलं की संकोच जातो.

५. गिटार आवडते, पण गाणं सुरू झालं की कोणी आक्रोश करतंय असं वाटतं आणि मी बंद करतो. नुसती गिटार ऐकली तर चालेल ना?

चालेल. पण अर्धंच हाती लागेल, आणि मला ते अर्धं सोडवत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

फ्लामेंकोतल्या सर्वांत खोल गाण्याला ‘कांते होन्दो’ म्हणतात. ‘होन्दो’ म्हणजेच खोल. त्यात आवाज गोड असण्याची अपेक्षाच नसते. घसा खरखरीत, फाटलेला, ‘आय’ या एका उद्गारावर लांबलेला. शब्द थोडे असतात: सोलेआचं कडवं तीन किंवा चार छोट्या ओळींचं. आई, तुरुंग, मरण, दगा, गरिबी. लिहिणाऱ्याचं नाव बहुधा नाहीच. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही कोणी नटून गात नव्हतं, आणि दोन ओळींत आयुष्य मावत होतं.

काही प्रकारांत तर गिटारही नसते. ‘मार्तिनेते’ हे लोहाराच्या भट्टीशी जोडलेलं गाणं, साथीला फार तर ऐरणीवरचा घण.

१९२२ साली ग्रानादात, आलाम्ब्राच्या आवारात, रचनाकार मानुएल दे फाया आणि तरुण कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांनी कांते होन्दोची स्पर्धा भरवली. हे गाणं बाजारू होऊन हरवेल अशी त्यांना धास्ती होती. बक्षीस मिळवणाऱ्यांत एक म्हातारा गायक होता आणि एक बारा वर्षांचा मुलगा, मानोलो काराकोल, जो पुढे फार मोठा गायक झाला.

सवय अशी लावा. आधी फेर्नान्दा दे उत्रेराची सोलेआ ऐका, मग पास्तोरा पावोन (१८९०–१९६९) हिची. तिला ‘ला निन्या दे लोस पेइनेस’ म्हणत. गाण्याकडे लक्ष न देता गिटार काय करते तेवढंच ऐका. गाणारी श्वास घेते तेव्हा गिटार भरून येते, ती सूर लावते तेव्हा गिटार मागे सरते, आणि ओळ कुठे संपणार हे वादकाला आधीच कळलेलं असतं. आपल्याकडे चांगला हार्मोनियमवाला करतो तेच. चौथ्या-पाचव्या वेळी तुम्ही नकळत गाणं ऐकायला लागलेले असाल. स्त्रियांचं कांते एका जागी हवं असेल तर कार्मेन लिनारेसचा १९९६ चा संग्रह घ्या.

६. तालाला ‘कोम्पास’ म्हणतात आणि त्यात बारा मात्रा असतात असं वाचलं. म्हणजे आपला एकतालच की!

मात्रा बारा, चाल निराळी. एकतालात दोन-दोन मात्रांचे सहा विभाग. सोलेआत वजन ३, ६, ८, १०, १२ या मात्रांवर पडतं, म्हणजे आवर्तन तीन-तीन-दोन-दोन-दोन असं तुटतं. सुरुवातीला लांब पावलं, मग छोटी. मांडीवर हात ठेवून सावकाश मोजा, वजनाच्या मात्रांवर थाप द्या:

एक दोन तीन चार पाच सहा सात आठ नऊ दहा अकरा बारा

आपल्या कानाची खरी अडचण पुढे आहे. आपण समेची वाट पाहतो आणि सम पहिल्या मात्रेवर असते. सोलेआत सुरावट दहाव्या मात्रेवर येऊन उतरते. अकरा आणि बारा श्वासासाठी. ‘दहावर घर आहे’ एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ सुटतो. मला स्वतःला हे समजायला दीड वर्ष लागलं, कारण मी हट्टाने एकवर येत होतो.

बुलेरिआस या दुसऱ्या प्रकारात (प्रश्न ७) हेच चक्र वेगाने फिरतं आणि मोजणी बऱ्याचदा बारापासून सुरू करतात. सेगिरियात तेच तुकडे दोन-दोन-तीन-तीन-दोन असे लागतात. तिथे बारा मोजू नका, पाच कमीजास्त लांबीची पावलं मोजा. तांगोस सरळ चार मात्रांचं, पहिल्या दिवशी जमतं. (अर्जेंटिनाचा टँगो नाच वेगळा.) आणि तारान्ता, ग्रानाईना यांसारख्या प्रकारांत ठेकाच नसतो, ते आलापासारखे मोकळे चालतात.

७. तुकड्याच्या नावापुढे कंसात ‘सोलेआ’, ‘आलेग्रिआस’ असं लिहिलेलं असतं. ते काय?

तो त्याचा ‘पालो’, म्हणजे प्रकार. ताल, स्वरांचा ढंग, मनःस्थिती आणि बऱ्याचदा गावसुद्धा त्या एका शब्दात येतं. रागाचं नाव आणि तालाचं नाव एकत्र सांगावं तसं. आलेग्रिआस कादिस बंदराचं, आनंदी आणि खाऱ्या वाऱ्याचं. बुलेरिआसचं माहेर हेरेस. तारान्ता पूर्वेकडच्या खाणींच्या मुलखातलं, अंधारं. ग्वाहिरा क्यूबाहून फिरून आलेलं.

सगळे पाठ करू नका. एक पालो घ्या आणि तोच पाच वादकांकडून ऐका, जसा आपण एकच यमन पाच गायकांकडून ऐकतो. मी सोलेआ सुचवेन: पाकोची, साबिकासची, मानोलो सान्लुकारची, हेरेसच्या मोराइतोची, व्हिसेन्ते आमिगोची. महिनाभर पुरेल.

८. मला त्यात सारखी भैरवी ऐकू येते. माझा भास आहे का?

भास नाही. फ्लामेंकोचा मुख्य स्वरसमूह, ज्याला पाश्चात्त्य संगीतात फ्रिजियन म्हणतात, त्यात रिषभ, गंधार, धैवत, निषाद सगळे कोमल. म्हणजे भैरवी थाटच. मात्र शेवटी विसावताना गिटार जो स्वरमेळ (कॉर्ड) वाजवते त्यात शुद्ध गंधार असतो, त्यामुळे दोन्ही गंधार कानावर पडतात. शुद्ध गंधार धरून बसलेला तुकडा असेल तर तो बसंत मुखारीच्या जवळ जातो.

सर्वांत ओळखीची जागा म्हणजे चार स्वरमेळांची उतरण: मध्यम, कोमल गंधार, कोमल रिषभ, षड्ज. कोमल रिषभावरून षड्जावर पडताना जी कळ येते तीच फ्लामेंकोची ओळख. आपल्याकडे भैरवी लागली की मैफल संपली. तिथे मैफल तिच्यापासूनच सुरू होते, हे मला अजूनही दर वेळी हलवतं.

साम्य स्वरांचं आहे, घडणीचं नाही. मींड, विस्तार, बढत ही अपेक्षा घेऊन बसू नका.

९. मग फ्लामेंको भारतातूनच गेलं हे खरं?

माणसं गेली, हे खरं. रोमा समाजाचे पूर्वज साधारण हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्येकडून निघाले, आणि पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांचे जथे स्पेनमध्ये पोहोचल्याची नोंद आहे. तिथे त्यांना ‘हितानो’ म्हणतात. रोमानी भाषा आपल्याच भाषाकुळातली: पाण्याला ‘पानी’, नाकाला ‘नाक’, काळ्याला ‘कालो’.

संगीत मात्र आंदालुसियातच घडलं, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत. हितानो कुटुंबं, तिथली लोकगीतं, अरब आणि ज्यू काळाचे अवशेष, अमेरिकेहून परतलेल्या खलाशांच्या चाली, सगळं त्यात मिसळलं. कथ्थकमधलं पदलालित्य आणि फ्लामेंकोच्या टाचा यांत सारखेपणा दिसतो, पण ‘कथ्थकपासून फ्लामेंको निघालं’ हे वाक्य मी कधी म्हणत नाही. त्यात घडवणाऱ्या माणसांच्या चार-पाचशे वर्षांचं दुःख आणि मेहनत पुसली जाते.

१०. पाको दे लुसियाचं कुठलं ध्वनिमुद्रण आधी ऐकावं?

पाको (१९४७–२०१४) आल्हेसिरासचा, जिथे भूमध्य समुद्र आणि अटलांटिक भेटतात. ‘एन्त्रे दोस आग्वास’ म्हणजे ‘दोन पाण्यांच्या मधे’. १९७३ च्या ‘फुएन्ते इ काउदाल’मधली ही रुम्बा (फ्लामेंकोचा हलका, नाचता प्रकार) बाँगो आणि बास गिटारसह वाजवली आहे, आणि तिने फ्लामेंको न ऐकणाऱ्यांच्या घरांतही पाकोला नेलं. दारातून आत यायला उत्तम.

पण एकच संग्रह विकत घ्यायचा असेल तर १९८७ चा ‘सिरोको’ घ्या. ‘ला बारोसा’ आलेग्रिआस, ‘ला कान्यादा’ तांगोस, ‘ग्लोरिया आल निन्यो रिकार्दो’ सोलेआ, आणि मुलासाठी केलेली ‘मि निन्यो कुरो’ ही रोन्देन्या. प्रश्न ६ मधली मोजणी करायला याहून चांगली शाळा नाही. नंतर १९७६ चं ‘आल्मोराइमा’.

कामारोनसोबतचे (१९५०–१९९२) संग्रह १९६९ ते १९७७ मधले. तिथे तिशी न गाठलेला पाको साथीला किती नम्र होतो ते ऐका. वेगाची हौस असेल तर ५ डिसेंबर १९८० च्या मैफलीचं ‘फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को’ आहेच, सोबत अल दि मेओला आणि जॉन मॅक्लॉफ्लिन. हा तोच मॅक्लॉफ्लिन, जो ‘शक्ती’मध्ये आपल्या झाकीर हुसेन यांच्याबरोबर वाजवत असे. माझं मत विचाराल तर हे ध्वनिमुद्रण थरारक आहे, पण पाको त्याहून खूप मोठा आहे.

फ्लामेंकोत आज सर्रास दिसणारी खोक्यासारखी पेटी, ‘काहोन’, मूळची पेरू देशाची. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पाकोनेच ती आणली.

११. पाकोच्या आधी कोण? जुन्या तबकड्यांची खरखर सहन होत नाही.

रामोन मोन्तोयाची १९३६ ची पॅरिसमधली ध्वनिमुद्रणं एकदा तरी ऐका. एकट्या फ्लामेंको गिटारची मैफल होऊ शकते हे त्याने दाखवलं. खरखर नकोच असेल तर साबिकास (१९१२–१९९०): आवाज स्वच्छ, वादन त्याहून स्वच्छ. आणि मोरोन गावचा दिएगो देल गास्तोर: स्वर मोजके, पण एकेक स्वर आतून आलेला.

१२. ‘कोन्सिएर्तो दे आरान्हुएस’ची इतकी ध्वनिमुद्रणं आहेत. कुठलं निवडू? आणि ते फ्लामेंको आहे का?

फ्लामेंको नाही. वाद्यवृंद आणि गिटार यांच्यासाठी होआकिन रोद्रिगोने लिहिलेली क्लासिकल रचना आहे. रोद्रिगोला (१९०१–१९९९) लहानपणी तिसऱ्या वर्षी घटसर्पाने अंधत्व आलं. तो गिटारवादक नव्हता. पियानोवर रचायचा, ब्रेलमध्ये लिहायचा. ही रचना १९३९ मध्ये पॅरिसला झाली आणि ९ नोव्हेंबर १९४० रोजी बार्सिलोनात रेहिनो साइन्स दे ला मासाने पहिल्यांदा वाजवली.

सगळे मधल्या संथ भागासाठी येतात. इंग्लिश हॉर्न धून म्हणतं, गिटार तीच धून नक्षी घालून परत म्हणते. रोद्रिगो आणि त्याची पत्नी व्हिक्टोरिया कामी यांचं पहिलं मूल जन्माआधीच गेलं होतं, आणि या भागात तो शोक आहे, असं तिने आठवणींत लिहिलं आहे. पण पहिला भागही सोडू नका. तिथे गिटार रास्गेआदोनेच दार उघडते.

नार्सिसो येपेसचं ऐका, ते गंभीर आणि स्पष्ट आहे. ज्युलियन ब्रीमचं ऐका, त्यात रंग अधिक आहेत. आणि शेवटी पाकोचं १९९१ चं. पाको स्वरलिपी वाचत नसे. त्याने ही रचना मुद्दाम कष्टाने आत्मसात केली. काही क्लासिकल वादकांना त्याचा स्वर कोरडा वाटतो. मला मात्र ताल एवढा घट्ट धरलेला दुसरीकडे ऐकू आलेला नाही.

१३. ‘आस्तुरियास’ मुळात पियानोसाठी होतं म्हणतात. मग गिटारवरचं ऐकणं चूक का?

अजिबात नाही. अल्बेनिसने (१८६०–१९०९) ते पियानोसाठीच लिहिलं, पण त्यात पियानो गिटारची नक्कल करत होता: अंगठ्याने छेडलेली धून आणि वर तोच तो वाजणारा स्वर. गिटारवर ते घरी परतलं असं म्हणा. नावही त्याचं नाही. आस्तुरियास हा उत्तरेकडचा हिरवा, पावसाळी प्रांत. हे संगीत सरळ दक्षिणेचं आहे. शीर्षक प्रकाशकाने त्याच्या मृत्यूनंतर चिकटवलं. आंद्रेस सेगोव्हियाचं (१८९३–१९८७) वादन इथून सुरू करा.

१४. जिप्सी किंग्स आणि ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’मधलं ‘सेन्योरिता’: हे खरं फ्लामेंको की नाही?

जिप्सी किंग्स दक्षिण फ्रान्समधल्या, मूळ स्पेनच्या हितानो कुटुंबांतले. ते वाजवतात ती रुम्बा, म्हणजे फ्लामेंकोच्या झाडाची सर्वांत हलकी, नाचती फांदी. ‘सेन्योरिता’ही त्याच अंगणातलं, स्पेनच्या आलाहार गावात चित्रित झालेलं आणि मारिया देल मार फेर्नान्देसचा आवाज असलेलं. दोन्ही मनापासून ऐका. रुम्बा आवडते याबद्दल कोणी ओशाळू नये. पाकोची सर्वांत लोकप्रिय धूनही रुम्बाच आहे (प्रश्न १०).

१५. गोव्यात ऐकलेला फादो याच्याच नात्यातला का?

शेजार आहे, नातं नाही. फादो पोर्तुगालचा, आणि त्यातली गिटार बारा धातूच्या तारांची, नासपतीच्या आकाराची.

१६. भारतीय संगीत आणि फ्लामेंको यांचं एकत्र काही चांगलं आहे?

अनुष्का शंकरचं २०११ चं ‘ट्रॅव्हलर’. पेपे आबिचुएलाची गिटार आणि सतार यांचा संवाद त्यात खरा वाटतो, कारण दोघंही आपापली भाषा सोडत नाहीत.

१७. नावं ऐकली तशी टाइप केली तर काहीच सापडत नाही.

स्पॅनिशमध्ये ‘ह’ असा उच्चार ‘जे’ अक्षराचा असतो. होआकिन, हेरेस, काहोन, आरान्हुएस, ग्वाहिरा या सगळ्यांत रोमन लिपीत ‘जे’ येतो. ‘हितानो’मध्ये मात्र ‘जी’. आणि ‘होन्दो’ पुन्हा ‘जे’ने. उलट ‘एच’ मुका असतो. आंदालुसियात कधीतरी तोही उच्चारतात, तो अपवाद सोडून द्या. ‘न्य’ म्हणजे डोक्यावर लहर असलेला ‘एन’. शोधताना साधा ‘एन’ चालतो. ‘फाया’मध्ये दोन ‘एल’ आहेत. शोधताना कलाकाराच्या नावापुढे पालोचं नाव जोडलंत तर हवा तो तुकडा लवकर मिळेल.

१८. स्पेनला जातोय. कुठे ऐकू? आणि टाळ्या वाजवल्या तर चालतात का?

सेव्हियात (सेव्हिल शहरात) दर दोन वर्षांनी फ्लामेंकोचा बिएनाल महोत्सव असतो, हेरेसला फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोर्दोबाला जुलैत गिटारचा. ‘तब्लाओ’ म्हणजे जेवणासकट कार्यक्रम दाखवणारी जागा. तिथेही उत्तम कलाकार असतात. पण जमलं तर ‘पेन्या’ शोधा, म्हणजे रसिकांनी चालवलेली मंडळं. छोटी खोली, लाकडी खुर्च्या, ध्वनिवर्धक बहुधा नाहीच.

तालात टाळ्या वाजवू नका. पाल्मास हे वाद्य आहे, ते वाजवणारे मंचावर बसलेले असतात, आणि एक चुकलेली टाळी बुलेरिआस विस्कटून टाकते. दाद तोंडाने द्यायची. आपण जिथे ‘क्या बात है’ म्हणतो तिथे ते ‘ओले’ म्हणतात, हळूच, गाणाऱ्याला ऐकू जाईल एवढंच. कधी म्हणायचं हे कळत नसेल तर दहावी मात्रा येऊ द्या.